एक लाख तीस हजारांची बादली

पैसे नव्हते म्हणून नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण सायकली दुरुस्त करणारा म्हटलं की लोक लगेच तोंड बारीक करून कीव करायला लागतात. मला कुणाची कीव नको. मखमलाबादच्या शिवारातली माझ्या वाटणीची जमीन विकली त्याचे पैसे बँकेत होते, आजही आहेत. माझ्या मुलीला हवी ती सायकल मी उभ्या उभ्या रोख घेऊ शकलो असतो. घेतली नाही, कारण सायकलला एवढे पैसे द्यायचे नसतात असं माझं मत होतं. ते मत मी चाळीस वर्षं येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवत होतो.

मुलगी रस्त्यावरच्या शर्यतीत सायकल चालवते. तेवीस वर्षांखालच्या मुलींमधून राज्याच्या संघात चार जणी घेतात. गेल्या वर्षी ती पाचवी आली, अकरा सेकंदांनी. या वर्षी तिचं वय संपत होतं, म्हणजे ही शेवटची निवड चाचणी. संघात गेली असती तर पुढचं सगळं होतं, देशपातळीवरची शर्यत, खेळाडूंच्या कोट्यातली नोकरी. शाळेत असल्यापासून पहाटे उठून तिनं जे काही केलं ते त्या एका सकाळसाठी केलं होतं. त्या सकाळचं वाटोळं मी केलं. कसं केलं ते सांगायचं तर सायकलच्या भावापासून सुरुवात करावी लागेल, कारण माझं डोकं तिथूनच फिरलेलं आहे.

मी लहान असताना माझ्या बापानं सायकल घेतली ती तीनशे दहा रुपयांना. काळी, बावीस इंची, मागे लोखंडी कॅरिअर. त्यावर शेवंतीच्या दोन पाट्या आणि झेंडूची एक गोणी बांधून तो फुलबाजारात जायचा. त्या सायकलवर आमचं घर चाललं. ती घेताना बापानं दुकानदाराला सायकल उचलून दाखवायला सांगितली होती. दुकानदाराला ती धड उचलवेना, तेव्हा बाप म्हणाला, "आता कसं, माल हाय." आम्ही भाजी-फुलं विकणारी माणसं. वजन भरलं तर पैसे द्यायचे, एवढा हिशोब आम्हाला कळतो.

मी पंचवटीत दुकान टाकलं तेव्हा तीच सायकल पाचशे-साडेपाचशेला गेली होती. रेसरची सायकल, मेंढ्याच्या शिंगांसारखं वाकलेलं हँडल असलेली, शंभर-दीडशेनं महाग. कॉलेजची पोरं ती घ्यायची, वर्षभर कंबर मोडून घ्यायची आणि मग माझ्याकडे येऊन हँडल सरळ करून मागायची. मी करून द्यायचो आणि चार शब्द ऐकवायचो. नंतर पाचशेचे हजार झाले, हजाराचे दीड हजार. तेवढं ठीक होतं. सगळंच वाढत होतं, चहा वाढला, रॉकेल वाढलं, सायकलनं काय पाप केलं होतं?

पहिल्यांदा माझं टाळकं सरकलं ते देवळाली कॅम्पात. तिथल्या एका फौजी अधिकाऱ्याची परदेशी सायकल दुरुस्तीला आली होती. दहा गिअर, पातळ टायर, आणि मी ती एका बोटावर उचलली. किंमत विचारली तर म्हणाला, आठ हजार. त्या काळात आठ हजारांत माझ्या दुकानातला सगळा माल आला असता, वर पत्रा नवीन बसला असता. मी त्याला विचारलं, साहेब, एवढे पैसे देऊन माल कमी का घेतला? तो हसला. मला त्या हसण्याचा राग आला आणि तो राग मी घरी आणला.

पुढची दहा-पंधरा वर्षं सायकलला कुणी कुत्रं विचारत नव्हतं. ज्याला त्याला मोटरसायकल पाहिजे. सायकल राहिली वॉचमनकडे, दूधवाल्याकडे आणि शाळेतल्या पोरांकडे. अडीच-तीन हजारांत यायची, आणि घेणारा तोंड लपवून घ्यायचा. त्या दिवसांत मी दुकान टिकवलं. शेजारच्यांनी मोबाइलची दुकानं टाकली, मी पंक्चर काढत बसलो. ही माझी मर्दुमकी, असं मला वाटायचं.

आणि मग ते आले. डॉक्टर, बिल्डर, वकील. पोटावर ताणून बसणारे चकचकीत कपडे, डोक्यावर कलिंगडाच्या फोडीसारखी टोपी. रविवारी पहाटे गंगापूर रोडनं झुंडीनं निघायचं, वीस किलोमीटर चालवायची, झणझणीत मिसळ हाणायची, फोटो काढायचा आणि परत यायचं. सायकली पस्तीस हजारांच्या, मग साठच्या, मग लाखाच्या. त्यावर बूट बारा हजारांचे, चष्मा सात हजारांचा. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, पण इथं कोंबडीच लाखाची. गंगापूर रोडला काचेचं शोरूम निघालं. आत एसी. सायकलला एसी, आणि आम्ही आयुष्यभर उन्हात.

कांद्याचा भाव चढतो तसा पडतो तरी. लासलगावला आमचा एक आतेभाऊ आहे, तो भाव पडला की आठवडाभर कुणाशी बोलत नाही. सायकलचा भाव पडलेला मी आयुष्यात पाहिला नाही. आणि उलटा न्याय बघा, जितकी हलकी तितकी महाग. आमच्या धंद्यात तराजू हलका भरला तर गिऱ्हाईक आईबाप काढतं. इथं किलोभर कमी भरलं की लाख जास्त मोजतात आणि वर मिरवतात. मी त्यांना दुकानात उभं करत नव्हतो. हवा भरायला कुणी थांबला तर पंप बाहेर ठेवलाय म्हणायचो, तुमचा तुम्ही भरा.

अशा माणसाच्या घरात ही पोर जन्माला आली आणि सायकल चालवायला लागली. याला काय म्हणावं?

तिची शर्यतीची सायकल मीच बांधली. देवळालीतून बदली होऊन जाणाऱ्या एका कुटुंबानं जुनी परदेशी सायकल विकायला काढली होती, तिची पोलादी फ्रेम घेतली. निळा रंग दिला. चाकं स्वतः विणली, एकेक तार बोटानं वाजवून ताणली. सगळा खर्च चौदा हजार. तिच्यावर पोरीनं जिल्ह्यात पहिला नंबर काढला तेव्हा मी शोरूमवरून मुद्दाम दोन चकरा मारल्या. काय मोठेपणा वाटला होता मला.

राज्याच्या चाचणीत मात्र ती आधी सहावी, मग पाचवी. तिचे सर घरी आले. भला माणूस. म्हणाले, पोरीत दम आहे, पण बाकीच्या मुली कार्बनच्या सायकलवर आहेत, चढावर ही तीन किलो जास्त ओढते. तेवढी सायकल बदला. मी त्यांना चहा दिला आणि म्हणालो, "सर, सायकल पळत नसते, पाय पळतात. नाचता येईना अंगण वाकडं."

मुलगी दारातच उभी होती. तिनं ऐकलं. मी ते सरांना म्हणालो होतो की तिला, हे मला आजही सांगता येणार नाही, पण तिनं ते स्वतःला लावून घेतलं. त्यानंतर तिनं माझ्याकडे सायकलचा विषय काढला नाही. एकदाही नाही.

ती एका शाळेत अर्धा दिवस खेळ शिकवायची. दोन वर्षांचा पगार साठवलेला होता, कॉलेजला घेतलेली स्कूटी विकली, आणि एका दातांच्या डॉक्टरची सायकल घेऊन आली. त्यानं ती तीन लाख चाळीस हजारांना घेतली होती. चार महिने चालवली, गुडघा दुखायला लागला, भिंतीला टांगली. माझ्या पोरीला एक लाख तीस हजारांत दिली. काळी, चकचकीत, आणि सगळी मिळून साडेसात किलो. आमच्याकडे याहून जड भोपळा निघायचा.

आमचं घर दुकानाच्या मागे आहे, दुकानातून गेल्याशिवाय घरात जाता येत नाही. तिनं ती माझ्यासमोरून आत नेली. मी उठलो, बोटाच्या पेरानं फ्रेम वाजवली. पोकळ, दबका आवाज.

"बादली आहे," मी म्हणालो. "एक लाख तीस हजारांची बादली आणलीस."

"असू दे बादली," ती म्हणाली. "पप्पा, एकच सांगते. हिला पाना लावू नका. हिला हाताचा अंदाज चालत नाही. किती आवळायचं त्याचा आकडा असतो, आकड्याचा पाना वेगळा मिळतो. तो मी घेतलाय."

"केवढ्याला?"

"तीन हजार."

"पान्याला तीन हजार? माझ्या मनगटात आकडे आहेत."

"हो. पण हिला लावू नका."

ती वाद घालत नव्हती, समजावत होती. आजारी माणसाला पथ्य सांगावं तशी. मला ते झोंबलं. या हातांनी नाशकातल्या निम्म्या सायकली वळणावर आणल्या आणि माझी पोर मला सांगते हात लावू नका. मी त्या सायकलकडे दोन महिने बघितलं नाही. घरात तिला बादलीच म्हणायचो. "बादली भिजेल, आत घे." बायको म्हणायची, अहो, पुरे आता. पण माझ्या जिभेला हाड नाही.

तरी बघत होतो. ती चढावर कशी जाते ते एकदा चांदवडच्या घाटात लांबून पाहिलं, मुद्दाम पाहुण्याकडे जायचं निमित्त काढून. वर जाताना तिची मान खाली जात नव्हती. निळ्या सायकलवर जायची. सर खरं बोलले होते. मला ते त्या दिवशी, त्या घाटात, स्वच्छ कळलं, आणि मी घरी येऊन काही बोललो नाही.

चाचणी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी होती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारं बसतात. पाने, हातोड्या, पंप, चिमटे, सगळं रॉकेलनं धुऊन पाटावर मांडायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडू वाहायचा. आणि दसऱ्याची पूजा होईपर्यंत एकाही हत्याराला हात लावायचा नाही. गिऱ्हाईक रडत आलं तरी नाही. चाळीस वर्षांत मी हा नियम मोडला नव्हता. एकदा एक फौजदार स्वतः पंक्चर घेऊन आला होता, त्यालाही परत पाठवलं.

त्या सकाळी मी पाट मांडत होतो आणि पोरीनं ती काळी सायकल आणून पाटाशेजारी उभी केली.

"हिलाही पुजा, पप्पा," ती म्हणाली आणि आंघोळीला गेली.

बस, एवढंच. पण मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. दोन महिने मी त्या पोरीला टोचत होतो आणि तीच हात पुढे करत होती. मी हँडलला झेंडूचा हार घातला. हळदीचं बोट लावायला सीटजवळ वाकलो, आणि मला दिसलं.

सीटच्या दांडीवर तिनं खुणेची पांढरी पट्टी लावली होती. ती पट्टी फ्रेमच्या तोंडापासून वर असायला हवी, पण जवळजवळ तोंडाशी टेकली होती. म्हणजे सीट दोन सूत खाली सरकलं होतं. चार दिवसांपूर्वी शोरूमवाल्यांनी सायकल तपासून दिली होती, आठशे रुपये घेऊन. आणि बोल्ट सैल ठेवला होता.

तेव्हा माझ्या मनात काय आलं ते लपवत नाही. पोरीची काळजी नाही आली. आनंद आला. सापडले भामटे, असं वाटलं. एसीत बसतात, आकड्याचे पाने वापरतात आणि साधा एक बोल्ट यांना आवळता येत नाही. मी पाटावरचा कुंकू लावलेला पाना उचलला. बसलेलं हत्यार उचललं. सीट खुणेवर आणलं, बोल्ट आवळला. बसला. मनगट म्हणालं, अजून अर्धा आटा. पोलादी फ्रेमला तो अर्धा आटा लागतोच, नाहीतर खड्ड्यात सीट खाली जातं. मी दिला.

काचेची बांगडी पिचकावी तसा बारीक आवाज आला.

मी पाना ठेवला. बोट फिरवलं, काही लागलं नाही. बोटाला हळद होती. ती पुसायला फडकं घेतलं आणि पुसलं, तर सगळीकडची हळद निघाली, एका जागची निघाली नाही. बोल्टाच्या खाली, फ्रेमवर, दोन बोटं लांब, केसाएवढी पिवळी रेघ. पुढच्या चाकाचा चिमटा तडकलाय का ते बघायला आम्ही रॉकेल लावून वर खडू फिरवतो, तडा असला तर दिसतो. हळदीनं तेच केलं होतं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

रंग तडकला असेल, मी स्वतःला सांगितलं. नुसता वरचा मुलामा. आणि फ्रेमला तडा असला तरी काय, केसाएवढा तडा घेऊन लोखंडी सायकली सहा-सहा महिने पळतात. आधी करकरतात, मग वाकतात, मग तुटतात. सांगून तुटतात. मी हे सगळं मनातल्या मनात भराभर बोललो, पाहुण्यांसमोर पोराची बाजू घ्यावी तसं.

मुलगी तयार होऊन आली. शर्यतीचे कपडे, बूट. "तासभर पाय मोकळे करून येते. धरणापर्यंत."

"आज पूजेला बसलीय ती," मी म्हणालो. "आज कशाला बाहेर काढतेस?"

"पप्पा, परवा चाचणी आहे. देवाला चालतं." ती हसली. तिनं हार काढून पाटावर ठेवला, सायकल पायरीवरून खाली उतरवली आणि गेली.

मी थांबवलं नाही.

फोन खिशात होता. ती रविवार कारंजाच्या चौकातही पोचली नसेल तेव्हा मी तो हातात घेतला होता. काय सांगायचं? मी पाना लावला, हे सांगायचं. तू नको म्हणाली होतीस आणि मी लावला. माझ्या मनगटात आकडे नव्हते. एवढं एक वाक्य माझ्या तोंडून निघेना. गंगापूर धरणाकडे जाताना वाळूचे डंपर असतात, परत येताना उतार लागतो, तिथं ती हात हँडलच्या खालच्या वाकात धरून सुसाट येते, हे मला पाठ आहे. बायकोनं दोनदा विचारलं, नैवेद्य दाखवायचा ना, असे काय बसलात? मी तिच्यावर खेकसलो. पाटासमोर दीड तास बसून होतो. शेवटी ती वळणावर दिसली, पायरीपाशी उतरली आणि म्हणाली, "झाली पूजा? मला भूक लागलीय."

जेवण झाल्यावर ती झोपली. मी रेघेचा फोटो काढला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या शोरूमची काच ढकलली.

तिथला मेकॅनिक तिशीतला असेल. त्यानं मला ओळखलं, काका म्हणून खुर्ची दिली. मी बसलो नाही. फोटो दाखवला. त्यानं तो मोठा करून पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला.

"काका, ही चालवायची नाही. फ्रेम गेली."

"किती दिवस टिकेल?"

"ते सांगता येत नाही. लोखंडासारखं नाही हे. हे सांगून तुटत नाही. एकदम जातं."

मी विचारलं, "नवी फ्रेम केवढ्याला?"

"एक लाख पंच्याऐंशी."

"द्या."

त्याला वाटलं मी टोमणा मारतोय. मी पुन्हा म्हणालो, "द्या. आत्ता द्या. नाहीतर तयार सायकल द्या, तीन लाखांची, चार लाखांची, असेल ती द्या. पैसे आहेत माझ्याकडे."

हे मी बोललो. ज्यानं आठ हजारांसाठी एका फौजी अधिकाऱ्याचा राग तीस वर्षं पोसला, त्यानं. तो मेकॅनिक आत जाऊन मालकाला घेऊन आला. दोघांनी कॉम्प्युटरवर बघितलं, मुंबईला फोन लावला, पुण्याला लावला. पोरीच्या उंचीची एकही सायकल नव्हती. होत्या त्या पुरुषांच्या मापाच्या, मोठ्या. ऑर्डर टाकली तर पाच-सहा आठवडे. दोन महिने आधी आला असतात तर, असं मालक म्हणाला. दोन वर्षं आधी आलो असतो तरी चाललं असतं, पण हे त्याला काय सांगणार.

घरी आलो तेव्हा मुलगी ओट्यावर बसून चेन पुसत होती. बायको शेजारी दसऱ्यासाठी झेंडूचं तोरण ओवत होती. मी उभ्यानंच सांगितलं. पाना लावला, फ्रेम तडकली, शोरूमवाला म्हणतो चालवायची नाही, नवी फ्रेम मी घेतो पण ती सहा आठवड्यांनी येईल. एका दमात सांगितलं.

ती चेन पुसायची थांबली. वाकून बोल्टाखाली पाहिलं. पिवळी रेघ तिला लगेच दिसली.

"कधी झालं हे?"

"सकाळी. हार घातला तेव्हा."

"मी धरणावर जायच्या आधी."

"हो."

"तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"रंग असेल असं वाटलं."

"पप्पा, वाटलं होतं की माहीत होतं?"

बायकोची सुई थांबली होती. खोटं बोलायला जागा होती, आणि मी चांगला खोटं बोलतो, गिऱ्हाइकांशी चाळीस वर्षं बोललोय. पण ती माझ्याकडे बघत होती.

"माहीत होतं," मी म्हणालो.

ती रडली नाही, ओरडली नाही. तेवढं केलं असतं तर मला काहीतरी धरायला मिळालं असतं. ती उठली, हात धुतले आणि आत जाऊन निळी सायकल खुंटीवरून काढायला लागली. मी म्हणालो, थांब, मी सगळी खोलून ओव्हरऑइल करून देतो, चाकं बघतो, रात्र आहे, उद्याचा दिवस आहे.

"नको," ती म्हणाली. "तुमची हत्यारं बसलीत ना. मी बघते माझं."

दसऱ्याच्या दिवशी तिनं ओट्यावर बसून निळी सायकल उघडली आणि बांधली, स्वतःच्या तीन हजारांच्या पान्यानं. मी दुकानात बसून आवाज ऐकत होतो. सगळं बरोबर करत होती. सांगायला मला काही जागाच ठेवली नाही.

चाचणीत ती पाचवी आली. चौथीपासून सात सेकंद. सर मला फोनवर म्हणाले, पोरीनं त्या सायकलवर हे केलं म्हणजे कमालच आहे. त्यांना वाटलं मी खूश होईन.

नवी फ्रेम आली. पैसे मी दिले. ती नको म्हणेल असं वाटलं होतं, ती "बरं" म्हणाली. आता ती मोठ्या गटात चालवते, तिथं पंधरा वर्षं चालवलेल्या बायका आहेत, बघू. माझ्याशी बोलते. चहा देते, औषध घेतलं का विचारते. सायकल शोरूममध्ये दाखवायला नेते, आणि आजकाल ते किती घेतात हे मी विचारत नाही.

बाहेर ती सायकल कुठं सोडतच नाही, त्यामुळे बाहेर कुलूप लागत नाही. घरी आल्यावर मात्र आतल्या खोलीत नेते, चाकातून आणि खिडकीच्या गजातून साखळी घालते आणि कुलूप लावते. किल्ली तिच्या गळ्यात असते. मागच्या महिन्यात न राहवून मी विचारलं, आपल्याच घरात कोण चोरणार आहे?

"चोरीसाठी नाहीये ते, पप्पा," ती म्हणाली, आणि मला जेवायला वाढायला लागली.